टेबलाचं नाव बदलू का?

प्रश्न : आमच्या ऑफिसातल्या सगळ्या प्रोजेक्टसाठी लागणारी कोडची एक छोटी लायब्ररी मी सांभाळतो. लॉगिनची सेशन्स, म्हणजे कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, ती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'सेशन्स' नावाच्या टेबलात ठेवते. हे नाव फारच सर्वसाधारण वाटतं. पुढच्या व्हर्जनला डिफॉल्ट बदलून 'ॲप_सेशन्स' करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. एका क्लासच्या पोर्टलवर मी हे भोगलंय. तिथे 'सेशन्स' टेबल आधीपासून होतं, पण त्यात तासांचं वेळापत्रक: तारीख, विषय, खोली. आम्ही बसवलेली लायब्ररी 'टेबल नसेल तर बनव' एवढंच सांगायची. टेबल होतंच, म्हणून ती मुकाट्यानं पुढे गेली आणि पहिल्याच लॉगिनला 'असा कॉलम नाही' अशी एरर. अर्धा दिवस आम्ही पासवर्डच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. जँगो हे वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क आपल्या सेशनच्या टेबलाला 'जँगो_सेशन' म्हणतं, ते मला पटतं. लारावेल या तशाच फ्रेमवर्कचं डिफॉल्ट मात्र साधं 'सेशन्स'च आहे.

तरीही थेट बदलू नका. ज्यांनी कॉन्फिगमध्ये नाव लिहिलेलंच नाही, फटका नेमका त्यांना बसेल. अपडेटनंतर लायब्ररी नवं, रिकामं टेबल बनवेल. एरर कुठेच दिसणार नाही, आणि सगळे लॉगआउट! अर्धा फॉर्म भरून झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. जुन्या टेबलातली मुदत संपलेली सेशन्सही तशीच पडून राहतील, कारण साफसफाई आता नव्या टेबलाची होणार.

आत्ता फक्त टेबलाचं नाव देण्याची सोय करा, डिफॉल्ट जुनंच राहू द्या. कोणी नाव दिलं नसेल तर लॉगमध्ये तशी सूचना येऊ द्या. डिफॉल्ट बदलायचं ते मेजर व्हर्जनलाच, सोबत मायग्रेशन, म्हणजे जुन्या टेबलात हा बदल करणारी स्क्रिप्ट, देऊन. पोस्टग्रेसमध्ये 'ऑल्टर टेबल'नं नाव बदलताना डेटा हलत नाही, त्यामुळे टेबल मोठं असलं तरी वेळ लागत नाही. सर्व्हर एकेक करून अपडेट होत असतील तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकदमच लागू होतात असा गट) जुन्या नावाचा साधा व्ह्यू, म्हणजे नव्या टेबलाकडे नेणारं आभासी टेबल, बनवा. जुना कोड त्यातून वाचेल आणि त्यात लिहीलही. शेवटचा सर्व्हर नव्या व्हर्जनवर आला की व्ह्यू काढून टाका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. टेबलाचं नाव बदललं तरी प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमच्या) इंडेक्सचं, म्हणजे शोध-सूचीचं, नाव 'सेशन्स_पीकी' असंच राहतं. उद्या कोणी त्याच स्कीमात (डेटाबेसच्या त्याच कप्प्यात) त्याच नावाचा इंडेक्स बनवायला गेलं, तर पोस्टग्रेस 'आधीच अस्तित्वात आहे' म्हणून अडवेल. तेही नाव मायग्रेशनमध्येच बदला.