पाणी प्यायला विसरता, की टाळता?

तुम्ही लिहिलंय की बाटली भरून टेबलावर ठेवता, मोबाईलवर गजर लावता, तरी संध्याकाळी निम्मी बाटली तशीच उरते. मग पाणी पिण्याची सवय लावायची कशी? माझीही बाटली बरीच वर्षं अशीच भरलेली घरी यायची. फरक एवढाच, की मी विसरत नव्हते, मुद्दाम पीत नव्हते.

मी लातूरची, शिक्षिका आहे. शाळा औशाच्या पुढं एका खेड्यात, जाणं-येणं एसटीनं. तेव्हाच्या शाळेत बायकांसाठी संडास होता, पण आत पाणी नसायचं. त्यामुळं निघताना घरी कपभर चहा आणि परत येईपर्यंत फार तर चार घोट. शाळेतल्या आम्ही तिघी शिक्षिकाही हेच करायचो आणि एकमेकींना सांगत नव्हतो. एका एप्रिलात उन्हाळी लागली. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. जळजळ काही थांबेना, वर थंडी वाजून ताप आला, तेव्हा दवाखाना गाठला. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरीणबाई औषध लिहिता लिहिता म्हणाल्या, "शाळेत लघवीला कितीदा जाता?" मी म्हटलं, जातच नाही. त्यांनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

बरं झाल्यावर मी गजर लावला नाही. तिघींनी वर्गणी काढून झाकणाचा एक बॅरल, बादली आणि मग्गा घेतला, दाराला आतून कडी बसवून घेतली. बॅरल भरायचं काम पाळीपाळीनं. त्याच आठवड्यात बाटली दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. म्हणून तुम्हाला आधी एवढंच विचारते, तुमचं पाणी कुठं अडतंय? संडास लांब आहे? मीटिंगमधून उठायला संकोच वाटतो? प्रवास आहे? अडचण तिथं असेल तर बाटली कितीही महागाची घ्या, भरलेलीच राहणार.

आमच्या भागात आणखी एक गाठ असते. पाणी जपायची. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला टाकीच्या १० डब्यांतून सुमारे ५ लाख लिटर. ते दिवस काढलेल्या घरात पाहुण्याला अजूनही अर्धाच पेला देतात आणि उरलेलं तुळशीला घालतात. मीही अशीच. मग एकदा हिशेब केला. माणसाचं दिवसाचं पिण्याचं पाणी अडीच-तीन लिटर धरलं, तरी ते धुण्याच्या एका बादलीचा पाचवा-सहावा हिस्सा. बचत करायचीच तर धुण्यात करावी, घशाखाली कशाला?

किती प्यायचं? आठ ग्लासांचा नियम सगळ्यांना लागू होत नाही. उन्हात काम करणाऱ्याला जास्त लागतं. ताक, वरण, टरबूज यांतूनही पाणी पोटात जातं. मी रंग बघते. लघवी फिकी पिवळी असली तर ठीक, गडद पिवळी दिसली तर लगेच तांब्या. (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंही पिवळीधमक होते, तेव्हा घाबरू नका.) मुतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर याहून जास्त प्यायला सांगतात. उलट हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, माझं ऐकू नका. आणि दिवसभराचं राहिलेलं रात्री एकदम ढोसू नका. त्यानं फक्त झोपमोड होते. फारच प्यालं तर रक्तातलं मीठ उतरतं, ते निराळंच दुखणं.

चवीचाही भाग असतोच. आमच्या बोअरचं पाणी जड, गळ्याखाली उतरत नाही. जारचं इतकं गार, की दुसऱ्या घोटाला दात ठणकतात. मी शाळेत एक माठ नेला, वर ओलं फडकं बांधलं. माठातलं पाणी दीड पेला सहज जातं.

राहिली आठवण. केरळातल्या शाळांत २०१९ मध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली, ते वाचून मी वर्गात तसंच केलं. घंटा नाही, पण दुसरा आणि पाचवा तास संपला की सगळ्यांनी बाटली काढायची. रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला पाणी बांधलं की गजर लागत नाही. तुमच्याकडं तास नसतील, पण डबा, चहा, फोन ठेवणं, असं काहीतरी असेलच. मी मात्र अजून अधूनमधून चुकते. परवा फळ्यावर भागाकार लिहीत होते, तर मागून आवाज आला, "बाई, तुमची तर भरलेलीच हाय की!"