ठाणे खाडीत फ्लेमिंगो दिसतात, पण चिखलातले छोटे पक्षी ठिपक्यांएवढेच दिसतात. कोणती दुर्बीण घेऊ?

दुर्बिणीचं नंतर. आधी जायची वेळ बदला. ‘ओहोटीला जा, चिखल उघडा असतो’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. या सल्ल्यावरून मी कित्येकांशी भांडलो आहे. चिखल उघडा पडतो हे खरं, पण पाणी मागे हटेल तसे पक्षीही त्याच्यामागे लांब जातात.

भरती चढताना जा. पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी जागा धरून बसा, पाणीच पक्ष्यांना काठाकडे रेटत आणतं. वेळेसाठी कोळ्यांचा हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, द्वादशीला ९. द्वादशी-त्रयोदशीची सकाळ सर्वांत चांगली, कारण उधाण जवळ आलेलं असतं आणि चिखल पुरता झाकला जातो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी कमी चढतं, पक्षी लांबच चरत राहतात. सकाळी नवी मुंबईच्या काठावर, दुपारी भांडुपच्या बाजूला. ऊन पाठीवर हवं, नाहीतर पायांचे रंग कळत नाहीत.

ओळखताना आधी चोच आणि चाल बघा. चार पावलं धावून थबकतो आणि टिपतो तो चिखल्या, त्याची चोच आखूड. लाल पाय आणि उडताना पंखाची मागची कड पांढरी, तो लाल टिलवा. लांब, सरळ, मुळाशी गुलाबी चोच गॉडविटची. टोकाकडे खाली वळलेली चोच आणि उडताना शेपटीच्या वर पांढरा डाग, तो कर्ल्यू सँडपायपर. एप्रिलमध्ये त्याचं पोट विटकरी होतं, तेव्हा चुकणं कठीण.

पूर्ण भरतीला हे सगळे पाणथळीत दाटीवाटीने एका पायावर विसावतात. तिथे टाळ्या वाजवून थवा उडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ‘परत बसतातच की’ म्हणे! कर्ल्यू सँडपायपरला इथून थेट सायबेरियाचा उत्तर किनारा गाठायचा असतो. त्यासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उडण्यात जळते. ५० मीटरवर थांबा. माना वर झाल्या, पक्षी चालू लागले, की मागे सरका.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे ८ पटीची, पुढची भिंगं ४२ मिमीची. १२ पटीची हातात थरथरते, बोटीत तर निरुपयोगीच. पैसे उरले तर तिकाटण्यावरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, २० ते ६० पटीचा.

आणि हो, तिथीचा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीच्या छापील वेळा अपोलो बंदराच्या, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाजवळच्या असतात, खाडीत आत पाणी त्याहून उशिरा पोचतं.