वाचकांचे प्रश्न : मधुमेहाच्या जनुकांमागे

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतेय. मधुमेहाच्या जनुकशास्त्रात पीएचडी करायचा विचार आहे. रोजचं काम प्रयोगशाळेतलं असतं की कॉम्प्युटरवरचं?

दोन्ही. पण सुरुवात रक्ताच्या नळीपासून होते आणि बरंच काम तिथंच बिघडतं. डीएनएसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या. हेपरिनची हिरवी नको, हेपरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला, अडथळा करतं. साखरेसाठी करड्या बुचाची फ्लोराइडवाली. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. उपाशीपोटी साखर १३० (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) असलेला माणूस तीन तासांनी १०८च्या आसपास दिसतो, म्हणजे मधुमेह ठरवणारी १२६ची रेषा ओलांडलेला रुग्ण तुमच्या यादीत रुग्ण राहतच नाही. फ्लोराइडचाही पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची आणि प्लाझ्मा लवकर वेगळा करायचा.

दुसरी चूक तुलनेच्या गटाची. 'निरोगी' म्हणून पंचविशीतली मुलं घेतली तर त्यातल्या काहींना पुढे मधुमेह होणारच. वयानं मोठी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीत नॉर्मल ठरलेली माणसं शोधा. मिळायला वेळ लागतो, तरी शोधा. आणि रुग्णांचे नमुने एका प्लेटवर (अनेक नमुने एकत्र तपासायची खाचांची तबकडी), निरोगींचे दुसऱ्या, असं कधीही लावू नका. प्लेटमधला फरक जनुकातला फरक वाटू लागतो. मग कितीही हुशार सांख्यिकी वापरली तरी तो सुटत नाही.

यानंतर कॉम्प्युटर. चिप डीएनएतली काही लाख ठिकाणं वाचते. नीट न वाचले गेलेले नमुने, नोंदीतलं लिंग आणि डीएनएतलं लिंग न जुळणारे, जवळचे नातलग हे सगळे आधी बाजूला काढायचे. वेगवेगळ्या वंशांच्या मिसळीमुळे दिसणारा खोटा संबंध दुरुस्त करायचा. एवढं झाल्यावरच प्रत्येक ठिकाणाचा मधुमेहाशी संबंध तपासायचा. इथे ०.०५ची (योगायोगाची शक्यता वीसात एक) नेहमीची मर्यादा चालत नाही. सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या धरल्या जातात, म्हणून निव्वळ योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असावी लागते. प्लिंक आणि आर ही विश्लेषणाची सॉफ्टवेअर आत्ताच शिकायला घ्या, पीएचडीची वाट पाहू नका.

प्रश्न : टीसीएफ७एल२ हे मधुमेहाशी निगडित जनुक तर २००६ मध्येच सापडलं. आता या क्षेत्रात नवं काय उरलंय?

उलट, कामाचा अवघड भाग उरलाय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ लाखांहून अधिक माणसांच्या एका विश्लेषणात टाइप २ मधुमेहाशी निगडित, डीएनएतल्या ६११ जागा मिळाल्या. पण जागा म्हणजे जनुक नव्हे. गल्ली कळली तरी बिऱ्हाड कुणाचं ते कळत नाही. लठ्ठपणातून मधुमेहाकडे नेणारा एफटीओ या जनुकातला बदल घ्या : तो बसलाय एफटीओच्या आत, पण २०१४ मध्ये दिसलं की त्याची तार लाखो अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स३ या दुसऱ्याच जनुकाला जोडलेली आहे. टीसीएफ७एल२मधला बदलही प्रथिन बनवणाऱ्या भागात नाही. त्याच्या एका प्रतीनं मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पट होते, यापेक्षा जास्त नाही.

आमच्या मते, आज करिअर घडवायचं तर ते 'कोणत्या पेशीत, कोणत्या जनुकावर, कोणत्या दिशेनं' या प्रश्नावर. दिशा चुकली तर औषध उलटं बनतं. एसएलसी३०ए८ हे जनुक इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत जस्त पोहोचवतं. उंदरांत ते बंद केल्यावर काही प्रयोगांत साखरेचं नियंत्रण बिघडलं होतं. २०१४ मध्ये मात्र दिसलं की ज्या माणसांत त्याची एक प्रत निकामी आहे त्यांना धोका सुमारे ६५ टक्के कमी.

प्रश्न : भाऊ २२ वर्षांचा, सडपातळ. उपाशीपोटी साखर कित्येक वर्षं ११५-१२०, वाढत नाही. आईचंही तसंच. जनुक चाचणी करावी का?

डॉक्टरांशी बोलून करावी. अशा चित्रात जीसीके या जनुकातला बदल असू शकतो. तो असेल तर गरोदरपण सोडल्यास सहसा औषधच लागत नाही. एचएनएफ१ए या जनुकातला निघाला तर मात्र साखर वाढत जाते आणि सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळीची लहान मात्रा चांगली लागू पडते. आधी रक्तातली जीएडी अँटिबॉडी (टाइप १ मध्ये बहुधा सापडणारं प्रतिपिंड) तपासून टाइप १ नाही ना, हे पाहून घ्या. आणि ऑनलाइन विकले जाणारे 'मधुमेहाच्या धोक्याचे' संच घेऊ नका. त्यात जीसीके वाचलेलंच असेल असं नाही.