अम्मिआनुस मार्सेलिनुस या रोमन इतिहासकारावर कितपत विश्वास ठेवावा?
बराच ठेवावा, पण डोळे झाकून नको. जन्माने ग्रीक, पेशाने सैनिक, लिहिलं मात्र लॅटिनमध्ये. त्याच्या इतिहासाच्या ३१ खंडांपैकी पहिले १३ हरवले, उरलेल्यांत इ.स. ३५३ ते ३७८ एवढाच काळ येतो. ३५९ साली इराणच्या दुसऱ्या शापूरने अमिदा या रोमन शहराला (आजचं तुर्कस्तानातलं दियारबाकिर) वेढा घातला, तेव्हा तो आतच अडकला होता. शहर पडल्यावर रात्री निसटला. ते वर्णन आधी वाचा, अंगावर काटा येतो.

सम्राट ज्युलियन त्याचा लाडका, तिथे जरा सावध राहा. तरी ख्रिस्ती शिक्षकांवर ज्युलियनने घातलेल्या बंदीला तो, स्वतः ख्रिस्ती नसूनही, क्रूरच म्हणतो. हूण टोळ्यांचं वर्णन मात्र बहुधा ऐकीव: म्हणे मांडी आणि घोड्याची पाठ यांमध्ये मांस कोमट करून खातात!