मुलगा दुसरीत आहे. वही जवळजवळ कोरी, विचारलं तर ‘काही नाही, खेळलो’. शाळेत आठवडाभर करतात तरी काय?

हा प्रश्न आमच्या दर पालकसभेत येतो, फक्त तिथे इतक्या सरळ विचारत नाहीत. मी कळव्याच्या एका मराठी शाळेत सतरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. तुमचा मुलगा ठाण्यातल्याच शाळेत आहे म्हणता, त्यामुळे त्याच्या बाई काय करत असतील याचा बराचसा अंदाज मला येतो. शेजारची मुलगी रोज पाच पानं लिहून आणते आणि आपला आठवड्याला दोन, ही तुमची मुख्य काळजी दिसते.

आधी वहीचा विषय मिटवते. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा राज्य सरकारचा आदेश 2015 पासून आहे. दुसरीतलं मूल वीस-बावीस किलोचं, म्हणजे दप्तर जेमतेम दोन किलोचं हवं, त्यात पाण्याची बाटलीही आली. म्हणून बऱ्याच शाळांत वर्गपाठाच्या वह्या कपाटातच राहतात. तुम्ही बघताय ती बहुधा गृहपाठाची वही. एकदा शाळेत जाऊन वर्गपाठाची बघायला मागा. आणि पाच पानांचं म्हणाल तर, फळ्यावरचं उतरवून काढणं हे सात वर्षांच्या मुलाला झोपेतही जमतं. अक्षर सुंदर, शुद्धलेखन बिनचूक, आणि काय लिहिलंय ते वाच म्हटलं की गप्प, अशी मुलं मी दर वर्षी बघते.

‘खेळलो’ हे उत्तर मात्र खरं असणार. आमच्याकडे चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करतात, काड्यांचे गठ्ठे बांधतात, शब्दपट्ट्या जमिनीवर पसरून वाक्य लावतात. मुलाच्या लेखी तो खेळच.

माझा सल्ला एवढाच, की रोजचा हिशोब मागू नका, आठवड्याचा मागा. दुसरीतली गोष्ट सोमवारी कळते, मंगळवारी विसरते, बुधवारी पुन्हा कळते. एखाद्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत आणि तो नेमका विसरण्याचा दिवस असला, की शाळा बदलायचे विचार सुरू होतात.

आमचा सोमवार कसा जातो सांगते. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष. मग हजेरी. फळ्याच्या कोपऱ्यात पट 36, हजर 29, गैरहजर किती ते मुलांनी काढायचं. सोमवारी गैरहजेरी जास्तच असते, गावाला गेलेले मंगळवारी उगवतात. आता 36 वजा 29 हे हातच्याचं गणित, दुसरीला जडच. गेल्या वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, एकोणतीसच्या पुढं मोजूया ना, छत्तीस येईपर्यंत.” बोटं मोडत त्याने सात काढले. मी तो हातच्याचा धडा आठवडाभर पुढे ढकलला आणि सगळ्यांना त्याच्या पद्धतीने मोजायला लावलं. वहीत त्या दिवशी फक्त ‘7’ होता.

हजेरीनंतर गप्पा. सुट्टीत काय केलं ते मुलं सांगतात, मी त्यातली चार-पाच वाक्यं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते आणि मंगळवारचा वाचनपाठ तोच होतो. ‘माझा बापूस खाडीवर गेला. त्याला निवट्या मिळाल्या.’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा भरभर वाचलं जातं, कारण ते कोणाचं आहे हे वर्गाला ठाऊक असतं. आमच्या वर्गात आगरी घरातली मुलं आहेत, साताऱ्याची, बीडची आहेत, आणि घरी हिंदी बोलणारीही आहेत. श्रुतलेखनात आगरी मुलं ‘शाला’, ‘डोला’, ‘पानी’ लिहितात. नवीन असताना मी त्यावर लाल रेघ मारायचे. मग लक्षात आलं, की पोर ऐकू येतं तसं बिनचूक लिहितंय. त्याच्या घरात ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ होतो, म्हणजे त्याला ध्वनी आणि अक्षराचं नातं पक्कं कळलंय. हल्ली मी शेजारी ‘शाळा’ लिहून ठेवते आणि दोन्ही मोठ्याने म्हणायला लावते. दिवाळीपर्यंत बहुतेकांचं सुटतं.

आता संख्या, कारण दुसरीचा निम्मा जीव तिथेच जातो. मुलगा पंचवीसला 52 लिहितो म्हणून घाबरला असाल तर ऐका. ‘पंचवीस’ मध्ये आधी पाच ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकल्या क्रमाने लिहितं. ‘एकोणतीस’ ची तर और गंमत, त्यात नऊ कुठेच नाही आणि ऐकू येतं तीस, म्हणून वर्गातले निम्मे 39 लिहितात. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत तोच नियम चालतो असं वाटेपर्यंत नव्व्याण्णव येऊन तोही मोडतं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन जोडीला दिलं, तेव्हा केवढी चेष्टा झाली, विधानसभेतही विषय निघाला. ते सुचवणाऱ्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांचं म्हणणं वर्गात उभं राहिलेल्या कोणालाही पटेल असं होतं. जुने शब्द काढून टाकले नव्हतेच. मी दोन्ही वापरते. आधी ‘वीस पाच’ म्हणत माळेवर दोन दशक, पाच मणी दाखवायचे, मग ‘यालाच आजी पंचवीस म्हणते’. हे एका दिवसात होत नाही, दोन-अडीच महिने जातात. वहीत त्याचा मागमूस नसतो, कारण सगळं माळेवर आणि तोंडी.

पाढ्यांना मात्र आमच्याकडे रेल्वे धावून येते. वर्गाच्या मागच्या खिडकीतून रूळ दिसतात. लोकल बारा डब्यांची, मधूनच एखादी पंधराची. तीन-तीन डबे जोडले की नऊ, बारा, पंधरा. तीनचा पाढा पाठ न होणारी मुलंही हे कधी चुकत नाहीत. अर्थात गाडी आली की पाच मिनिटं शिकवणं बंद, हाही भाग आहे.

बुधवारी वाचनाचे गट. चार सतरंज्या, अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले, गोष्टवाले. या पायऱ्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात वापरतात त्याच, त्यातली शेवटची, गोष्टीची पायरी दुसरीच्या पातळीची धरतात. मुलांना गटाचं नाव मी सांगत नाही, रंग सांगते, तरी त्यांना सगळं कळतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही असं वागलं की तीही निवांत असतात. छत्तीस जणांत एका बुधवारी माझं नीट लक्ष आठ-नऊ मुलांकडेच जातं. शिक्षण हक्क कायद्यात साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, तर वरचे सहा कोणाचे, असं मी गमतीने विचारत असते. त्यामुळे तुमच्या मुलाचं वाचन बाईंनी या आठवड्यात ऐकलंच असेल असं धरून चालू नका. महिन्याभरात किती वेळा ऐकलं, असं विचारा.

गुरुवारचं सांगण्यासारखं काही नाही, चित्रकला, कवायत आणि माझ्या माहितीच्या ऑनलाइन नोंदी. शुक्रवारी उजळणी. मी तेव्हा कोणाचं काय अडलंय ते एका जुन्या डायरीत लिहिते. ‘जोडाक्षर, र चे प्रकार, अजून नाही’ अशी एकेक ओळ. तुमच्या मुलाच्या बाईंकडेही असं काहीतरी असणार. पालकसभेत गुणांऐवजी ती ओळ मागा.

शनिवारी दप्तर नसतं. 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ म्हणून पहिली ते आठवीला तो अधिकृतच झालाय, आम्ही आधीपासून थोडंफार करायचो. एका शनिवारी आम्ही तराजू आणला होता. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोजचं धान्य 100 ग्रॅम. मग 100 ग्रॅम तांदूळ तोलले, ते किती मुठी होतात ते मोजलं. माझ्या तीन, त्यांच्या पाच-सहा. दहा मुलांचे मिळून एक किलो. सोमवारी खिचडी वाढताना एकाने ताईंना विचारलं, “आमच्या वर्गाचे साडेतीन किलो घातले का?” साडेतीन कुठून काढले ते त्यालाही सांगता येईना, पण हिशोब फारसा चुकला नव्हता. तुमच्या मुलाला त्या दिवशी ‘काय शिकलास’ विचारलं असतं तर तो ‘तांदूळ खेळलो’ म्हणाला असता.

मुलगा मागे आहे की नाही ते कसं ओळखायचं, हा खरा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलाय. केंद्राच्या ‘निपुण भारत’ या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द बिनचूक वाचणं, 999 पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि 99 पर्यंतची वजाबाकी, एवढं धरलंय. वर्षाच्या शेवटी, हे लक्षात ठेवा. आणि घड्याळ लावून बसू नका हो, मुलं धापा टाकत वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. त्यापेक्षा पुस्तकातली न झालेली एक गोष्ट काढा, एक परिच्छेद वाचून घ्या आणि ‘मग त्याने असं का केलं?’ एवढंच विचारा. अडखळत वाचून उत्तर बरोबर आलं तर मला काळजी वाटणार नाही. घडाघडा वाचून उत्तर आलं नाही तर बाईंना भेटा. अक्षरच ओळखता येत नसेल तर मात्र दिवाळीची वाट बघू नका, याच आठवड्यात भेटा.

घरी शिकवू नका असं मी म्हणत नाही, शाळेपेक्षा वेगळं काहीतरी करा. बाजारात पिशवी त्याच्या हातात द्या, पन्नासच्या नोटेतून परत किती येतील ते त्याला सांगू द्या. दुकानाच्या पाट्या वाचू द्या, इंग्रजीसकट. आणि विचारायचंच तर असं विचारा: आज गैरहजर किती होते? फळ्यावर कोणाचं वाक्य होतं? बाई कोणावर हसल्या? या प्रश्नांना ‘काही नाही’ म्हणता येत नाही.

आणि ती गृहपाठाची वही फेकू नका, एकदा उलटी धरून मागून उघडा. मुलं खरं लिखाण शेवटच्या पानापासून करतात. आमच्या वर्गातल्या एकाच्या वहीत मागून चौदा पानं भरली होती: लोकलचे डबे, त्यावर नंबर, आणि प्रत्येक डब्यात कोण बसलंय त्यांची नावं. माझंही होतं, लेडीज डब्यात.