वाचकांचे प्रश्न : घरी येणारे प्रचारक आणि मतदार नोंदणी

प्रश्न : ‘कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्यांना आत सोडायचे नाही’ असा ठराव आमच्या सोसायटीने केला. वॉचमनने मतदार यादीचे काम करणाऱ्या बाईंनाही परत पाठवले. हे बरोबर आहे का?

उत्तर : प्रचारक आणि बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे मतदार यादीचे काम करणारा सरकारी अधिकारी) यांत मोठा फरक आहे, आणि वॉचमनला तोच सांगायचा राहून जातो. प्रचारकाला तुमच्या आवारात शिरण्याचा हक्क निवडणूक कायदा देत नाही. म्हणून सोसायटी वेळ ठरवू शकते, इंटरकॉमवर विचारूनच सोडा असेही सांगू शकते. तरी सरसकट बंदी आम्हाला पटत नाही. एखाद्या सभासदाने उमेदवाराला स्वतः घरी बोलावले, तर कमिटी त्याच्या पाहुण्याला कशी अडवणार? त्यापेक्षा ‘संध्याकाळी ६ ते ८, एका वेळी पाच जण, नोंदवहीत सही’ असा ठराव करा आणि तो सगळ्या पक्षांना सारखा लावा.

लोकांच्या घरातली शांतता भंग करू नये, असे आदर्श आचारसंहितेतच म्हटले आहे. मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर पोस्टर किंवा गच्चीवर झेंडा लावायलाही तिच्यात मनाई आहे. ‘जा’ म्हटल्यावरही कोणी दमदाटी करायला दारात ठाण मांडून बसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तक्रार करता येते.

बीएलओ मात्र १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली नेमलेला असतो. त्याचे फोटो असलेले ओळखपत्र पाहा आणि आत सोडा. त्याच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे. शिवाय नुकसान तुमचेच होते : ‘मतदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडला, तर त्यातून नाव वगळण्याची नोटीस निघू शकते.

प्रश्न : एका पक्षाचे कार्यकर्ते नमुना ६ वर सही आणि आधारची झेरॉक्स मागत आहेत. ‘बाकीचे आम्ही भरू,’ म्हणतात. माझे नाव जुन्या पत्त्यावर आहे, नवे घर भाड्याचे आहे. देऊ का?

उत्तर : देऊ नका. कोऱ्या अर्जावर तर मुळीच सही करू नका. मुळात तुमचा अर्ज नमुना ६ नाहीच. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी असतो. घर बदलले की नमुना ८ भरायचा, मग नवा पत्ता त्याच मतदारसंघात असो वा दुसऱ्या. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नमुना ६ मध्ये ‘माझे नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही’ असे प्रतिज्ञापन असते. ते जाणूनबुजून खोटे दिले, तर १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मजकूर कार्यकर्त्याने लिहिला तरी सही तुमची असते.

पक्षांना या कामातून वगळलेले नाही. मान्यताप्राप्त पक्षाने नेमलेला प्रतिनिधी, म्हणजे बीएलए, बीएलओकडे अर्ज देऊ शकतो. नेहमीच्या नियमाने दिवसाला दहापर्यंत, आणि त्यांची खातरजमा केल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून. बाकी कोणी गठ्ठ्याने आणलेले अर्ज स्वीकारायचे नसतात. एकाच घरातल्या माणसांचे अर्ज मात्र एकत्र चालतात.

पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो, बँकेचे पासबुकही चालते. घरमालकाची ना-हरकत लागत नाही. यांपैकी काहीच नसेल, तर अधिकारी घरी येऊन पडताळणी करतो. अर्जाच्या तळाशी पोचपावतीची पट्टी असते. ती बीएलओकडून सही आणि तारखेसह फाडून घ्या, कारण अर्ज गहाळ झाला तर तोच तुमचा पुरावा. ऑनलाइन भरलात तर संदर्भ क्रमांक जपा. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत बदल होत नाही, आणि हरकतींसाठी त्याआधी सात दिवस लागतात. म्हणून निदान दहा-पंधरा दिवस हातात ठेवा. अर्ज फेटाळला, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

प्रश्न : जाहीर प्रचार थांबल्यावरही उमेदवाराची माणसे दारोदार येतात. हे चालते का?

उत्तर : चालते. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका आणि टीव्हीवरून प्रचार यांना १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने बंदी आहे. शांतपणे घरोघरी भेटणे त्यात येत नाही. घोषणा देत घोळका आला, तर ती मिरवणूकच. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असायलाच हवा. मतदारासाठी पक्षाने दिलेली चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर असावी. तिच्यावर चिन्ह, पक्ष किंवा उमेदवाराचे नाव नको. मतासाठी पाकीट दिले, तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. सी-व्हिजिल अ‍ॅपवरून जागेवरच फोटो पाठवा किंवा १९५० वर फोन करा. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. तुमचे घर त्या हद्दीत असेल, तर त्या दिवशी तुमच्या दारातही नाही.