आसियान-भारत मुक्त व्यापार कराराच्या फेरआढाव्यात सेवाही येतात का? आयातदाराने आत्ता काय बघावं?

नाही. फेरआढावा चालू झाला तो 2010 पासून लागू असलेल्या वस्तू-कराराचा. सेवांचा करार वेगळा, 2015 पासूनचा.

खरी गोम उगमाच्या नियमात, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणाऱ्या नियमात आहे. आजच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे मालात एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) किमान 35% मूल्य करार-क्षेत्रातलं हवं आणि बाहेरच्या कच्च्या मालाचा सहा-अंकी एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) तयार मालात बदलायला हवा. दोन्ही अटी एकदम. सगळ्या मालाला एकच फूटपट्टी, म्हणून तिसऱ्या देशाचा माल वळसा घालून येतो ही भारताची जुनी तक्रार. उपाय म्हणजे वस्तूनिहाय नियम, आणि माझ्या मते घासाघीस खरी तिथेच आहे. शुल्ककपातीची चर्चा उगाच जास्त होते.

सुधारित मजकूर अधिसूचित होईपर्यंत जुनेच नियम धरा. शुल्कसवलत अडते ती बहुधा कागदांवर: फॉर्म एआयवरचा (या कराराच्या उगम-प्रमाणपत्रावरचा) कोड बिल ऑफ एंट्रीशी (कस्टम्सला दिलेल्या आयातपत्राशी) जुळत नाही, किंवा तिसऱ्या देशातून इनव्हॉइस आलंय पण तशी नोंदच नाही. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. कॅरोटार 2020 (व्यापार करारांखालच्या उगमाबाबतचे भारतीय कस्टम्सचे नियम) नुसार 35% कसे भरले याची माहिती आयातदाराकडेच हवी, तीही 5 वर्षं जपून. पुरवठादाराकडून खर्चाचा तक्ता ऑर्डर देतानाच मागा, माल बंदरात अडकल्यावर तो हात वर करतो.